मूठ

जुनी सुरी सासूच्या हातची.
तिची मूठ मध्ये खचलेली, जुन्या पायरीसारखी.
सासूची चार बोटं जिथे तीस वर्षं बसली
तिथेच माझी बसली, थोडी अंग चोरून.
गेल्या शिमग्यात पिचली ती. सुरमईच्या मणक्यात.

नवी आणली नळबाजारातून.
शिसवी मूठ, तीन पितळी खिळे,
वर असं पॉलिश की तोंड दिसावं.
दुकानदार म्हणाला, "मावशी, शोकेसचा माल."
शोकेसमध्ये घोळ कापत नाहीत
हे त्याला कोण सांगणार.

पहिल्याच रविवारी, सिटीलाइटच्या बाजारात गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक लागलेलं,
ओट्यावर खवले, चरबी, बर्फाचं पाणी,
मूठ हातात फिरली
जिवंत वाम फिरते तशी.
अंगठ्याच्या बुडाला तीन टाके.
गिऱ्हाईक म्हणालं, "रक्त पिशवीत नको हां."

मग बाजारभर सल्ले.
भानुमतीने सायकलची ट्यूब चढवली:
कोरडी तोवर वाघ, ओली झाली की साबण.
बर्फवाल्या गजाने दवाखान्याची चिकटपट्टी गुंडाळली,
दुपारी तिचा लगदा.
मी माझ्या अकलेने सुती चिंधी बांधली.
तिसऱ्या दिवशी मांजरं सुरी चाटायला आली.

धाकट्याच्या बॅटचा दांडा सुटला होता
म्हणून धोबीतलावला गेले.
जिन्याखालच्या खोपटात सिप्रियन,
गुडघ्यांत बॅट धरून, दातांत दोरा.
पिशवीतून सुरी काढली. म्हटलं, हिच्यावर पण मार.

तो हसला नाही.
"दोरा कोरड्या हाताचा," म्हणाला. "तुझा ओला.
दोरा पाणी पिणार, पाण्यासोबत मासा पिणार,
आणि आतल्या आत कुजणार."
मग पात्यावरून नख फिरवलं.
"आणि ही बोथट आहे. बोथटीला जोर लागतो,
जोर लागला की मूठ पळते.
तिला शिव्या कशाला?"

मला राग आला.
बावीस वर्षं मासे कापते मी,
हा बॅटवाला मला धार शिकवतो.
धार खरंच गेली होती.

काचेच्या तुकड्याने त्याने पॉलिश खरवडलं,
लसणीच्या सालीसारखं उडत होतं.
मधलं लाकूड उतरवलं, शेवट जाड ठेवला
की हात मागे घसरला तर तिथे अडेल.
मग ओलं फडकं फिरवून पत्र्यावर उन्हात ठेवली.
"पाणी पाजलं. आता बघ."
लाकडावर बारीक केस उभे राहिलेले,
अंगावर काटा यावा तसे.
"हे घासायचे नाहीत."

बारीक करवतीने तिरप्या रेघा मारल्या,
त्यांच्यावर उलट्या तिरप्या,
कणीएवढ्या खोल. त्याहून नाही,
नाहीतर घाण घर करते.
वरून जवसाचं तेल.
"चार दिवस टांग. हात लावू नको.
गोडंतेल लावशील तर चिकट राहील, जवस सुकतं."

पैसे विचारले.
"शुक्रवारी दोन बांगडे. डोकं ठेव."

चार दिवस दुसऱ्याची सुरी घेऊन कापलं.
पाचव्या दिवशी पाण्यात बुडवून धरली, आवळलीही नाही,
हलव्याचं डोकं उतरलं
आणि मूठ जागच्या जागी.
भानुमती म्हणाली, दाखव.
मी म्हटलं, हात पूस आधी.
म्हणाली, मग काय उपयोग?
खरं होतं. ओल्या हातातच दिली.

त्याच आठवड्यात रेशनच्या दुकानात
काचेवर अंगठा ठेवला.
ठसा जुळत नाही.
पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, डावा ठेवला.
दुकानवाला म्हणाला, "बाई, तुमच्या बोटावर रेघाच नाहीत."

घरी येऊन दिव्याखाली बघितलं.
मिठाने, बर्फाने, खवल्यांनी
गुळगुळीत, नळबाजारातून आणल्यासारखा.
फक्त बुडाशी तीन टाक्यांची आडवी खूण,
आणि तळव्यावर, दिवसभर धरून धरून,
मुठीच्या तिरप्या रेघा उमटलेल्या.
त्या सकाळपर्यंत जातात.

शुक्रवारी तीन बांगडे नेले.
अंगठ्याचं विचारायचं होतं.
सिप्रियनच्या दातांत दोरा होता.